बंद घरातली नवी बिऱ्हाडं

मुखपृष्ठावर एक चित्र फाटताना दिसतं. मागे जुनी मंडळी आहेत, चेहऱ्यावर धक्का बसलेली; आणि त्यांचा कागद टराटरा फाडून नवे चेहरे वाचकाच्या अंगावर धावून येताहेत. गडद निळ्या कातडीचा, शेपटीवाला एक जण. पांढऱ्याशुभ्र केसांची एक काळी स्त्री. पोलादी अंगाचा धिप्पाड तरुण. पिवळ्या पोशाखातला, हातातून नख्या बाहेर आलेला एक बुटका. जुन्यांपैकी त्या धावणाऱ्यांत एकटा सायक्लॉप्स आहे, डोळ्यांवर लाल काचेची पट्टी लावलेला. अंकावर तारीख आहे मे 1975, किंमत 50 सेंट. नेहमीचं कॉमिक तेव्हा 25 सेंटला मिळायचं. म्हणजे किराणा आणि औषधांच्या दुकानांतल्या तारेच्या फिरत्या मांडणीसमोर उभ्या असलेल्या अमेरिकन पोराला हा अंक घ्यायचा तर बाकीच्या दोन अंकांवर पाणी सोडावं लागणार होतं. अंकाचं नाव ‘जायंट-साइझ एक्स-मेन’.

ज्या मालिकेचं हे पुनरुज्जीवन होतं, ती जवळपास मेलेलीच होती.

‘एक्स-मेन’चा पहिला अंक 1963 च्या सप्टेंबरचा. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी. याच जोडीचा ‘अ‍ॅव्हेंजर्स’चा पहिला अंकही त्याच महिन्यातला. तोवर मार्व्हल कंपनीच्या बहुतेक सुपरहिरोंना शक्ती मिळायची ती अपघातानं: कुणाला किरणोत्सर्गी कोळी चावला, कुणावर गॅमा किरणांचा स्फोट झाला. ली यांना दर वेळी नवा अपघात शोधायचा कंटाळा आला आणि त्यांनी एक सोपी वाट काढली. ही मुलं जन्मतःच वेगळी. म्यूटंट. मालिकेचं नाव ‘द म्यूटंट्स’ ठेवायचं त्यांच्या मनात होतं, पण प्रकाशक मार्टिन गुडमन यांना वाटलं की हा शब्द वाचकांना कळायचा नाही. म्हणून ‘एक्स-मेन’ झालं. पंगू पण प्रचंड मनःशक्तीचे प्रोफेसर झेव्हियर न्यूयॉर्कजवळ एक निवासी शाळा चालवतात. तिथं पाच किशोरवयीन विद्यार्थी आपापल्या शक्ती ताब्यात ठेवायला शिकतात. आणि जे जग त्यांना घाबरतं, त्यांचा द्वेष करतं, त्याच जगाला वाचवतात. कल्पना सोन्यासारखी होती.

पण ती कागदावर उतरताना एक गोची झाली. जग या मुलांचा द्वेष करतं असं अंकात लिहिलेलं असायचं, वाचकाला जाणवायचं मात्र नाही. पाचही जण गोरे, अमेरिकन, सुस्थितीतले वाटणारे. एंजल तर श्रीमंत घरचा. पंख कोटाखाली बांधून घेतले की तो रस्त्यावर कुणाच्याही नजरेत भरायचा नाही. बीस्टचे हातपाय मोठे, एवढंच काय ते वेगळेपण. ज्यांना लपणं इतकं सोपं आहे, त्यांच्या परकेपणाचं दुःख वाचकानं किती मनावर घ्यावं? कर्बी थोड्या काळानं बाजूला झाले, ली यांनीही मालिका रॉय थॉमस यांच्याकडे सोपवली. साठच्या दशकाच्या अखेरीस नील अ‍ॅडम्स यांनी पानांच्या चौकटी मोडून-वाकवून जी चित्रं काढली, ती आजही डोळे दिपवतात. तरी खप वाढेना. मार्च 1970 च्या 66 व्या अंकानंतर नवी कथा छापणं थांबलं. काही महिन्यांनी मालिका परत आली, ती जुन्याच गोष्टी पुन्हा छापत. 67 पासून 93 पर्यंत, डिसेंबर 1970 ते एप्रिल 1975, सत्तावीस अंक हे असेच निघाले. घराला कुलूप, आणि दारावरची पाटी तेवढी दर दोन महिन्यांनी पुसून ठेवायची, अशी ती अवस्था. बीस्टनं तर दुसरीकडे संसार थाटला होता; त्याच्या अंगावर दाट केस आले आणि पुढे तो ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये दाखल झाला.

कुलूप काढायचं कारण कलेशी संबंधित नव्हतं, धंद्याचं होतं. मार्व्हलचे तेव्हाचे अध्यक्ष अल लँडाउ यांचा मूळचा व्यवसाय कॉमिक्सचे हक्क परदेशात विकण्याचा. निरनिराळ्या देशांतल्या नायकांचा एक चमू केला तर त्या त्या देशांत अंक विकता येतील, असं त्यांनी सुचवलं. रॉय थॉमस तेव्हा संपादक होते. त्यांनी सांगितलं की नवी मालिका कशाला, बंद पडलेल्या ‘एक्स-मेन’लाच हे रूप देऊ. पुढे थॉमस यांनी संपादकपद सोडलं, त्या जागी लेन वीन आले आणि लेखनाचं कामही त्यांच्याकडेच आलं. गंमत अशी की, विक्रीचा तो हिशेब बघता बघता मागे पडला. वीन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी जी माणसं गोळा केली, त्यातला एक सैबेरियातल्या सामूहिक शेतावरचा सोव्हिएत तरुण होता, एक केनियात राहणारी, एक जर्मनीतला सर्कशीत वाढलेला पोरगा, एक अ‍ॅरिझोनातला अपाची. सोव्हिएत रशियात मार्व्हलचा अंक काय विकला जाणार होता? पण माणसं अशी निवडली गेली म्हणून तर मालिका उभी राहिली.

ही माणसं कुठून आली, तर बरीचशी कॉक्रम यांच्या वहीतून.

कॉक्रम ओरेगनचे. अमेरिकेच्या नौदलात काही वर्षं नोकरी केलेले. पोशाख काढणं हे त्यांचं वेड. नायकाचा झगा कसा वळेल, पट्टा कुठे बसेल, बूट गुडघ्याच्या वर असावेत की खाली, यात ते तासन्‌तास रमायचे. मार्व्हलमध्ये येण्याआधी ते डीसी कंपनीत ‘लीजन ऑफ सुपर-हिरोज’ काढत होते. स्वतःच्या एका मूळ चित्राची दोन पानं परत मिळण्यावरून मतभेद झाला आणि त्यांनी ते काम सोडलं. निघताना त्यांच्याबरोबर त्यांच्या वह्या निघाल्या. तीन बोटांचे हात, टोकदार कान, शेपूट, सैतानासारखा चेहरा असं एक पात्र त्यांनी नौदलात असतानाच रंगवलं होतं. लीजनसाठी ते पुढे केलं तेव्हा नाकारलं गेलं होतं. तेच ‘नाइटक्रॉलर’ झालं. वादळावर हुकूमत असलेली ‘स्टॉर्म’ही कॉक्रम यांच्या दोन-तीन जुन्या आराखड्यांची जुळवाजुळव करून घडली. एकीचा पोशाख, दुसरीची शक्ती, आणि केस एकदम पांढरे. तरुण बाईचे केस पांढरे दाखवले तर ती म्हातारी वाटेल, असं त्यांना आधी बजावलं गेलं होतं. कॉक्रम यांनी ऐकलं नाही, हे फार बरं झालं.

पिवळ्या पोशाखातला तो बुटका, वुल्व्हरिन, मात्र आयता होता. कॅनडात मार्व्हलचे वाचक पुष्कळ, त्यांच्यासाठी एक कॅनेडियन पात्र असावं म्हणून थॉमस यांनी तो वीन यांच्याकडून लिहून घेतला होता. रूप जॉन रोमिता यांनी दिलं आणि 1974 मध्ये हल्कच्या अंकात तो एक मारामारी करून गेला. नव्या चमूत त्याला घेतलं तेव्हा एक छोटी चूक घडली, आणि ती कायमची टिकली. मुखपृष्ठ गिल केन यांनी काढलं. मूळ आराखड्यात वुल्व्हरिनच्या मुखवट्याची काळी टोकं आखूड होती. केन यांच्या हातून ती लांब, पंखांसारखी मागे गेलेली निघाली. कॉक्रम यांना तेच आवडलं आणि आतल्या पानांवरही त्यांनी तसाच मुखवटा काढला. आज जगात कुठल्याही दुकानात टांगलेल्या वुल्व्हरिनच्या मुखवट्याला जी दोन शिंगांसारखी टोकं दिसतात, ती या एका गफलतीची देणगी आहे.

आता अंक उघडायचा. पहिलं दृश्य जर्मनीतल्या एका गावात, रात्रीचं. हातात मशाली घेतलेले गावकरी कुर्ट वॅग्नरच्या, म्हणजे नाइटक्रॉलरच्या, मागे लागले आहेत. भुताला जाळा, म्हणून आरडाओरड चालली आहे. त्याचा गुन्हा एकच: तो दिसतो कसा! जमाव त्याला घेरतो, खाली पाडतो, आणि तेवढ्यात सगळे जागच्या जागी थिजतात. चाकाच्या खुर्चीत बसलेले झेव्हियर तिथं आलेले असतात. ते त्याला शाळेत यायला सांगतात. कुर्ट विचारतो की तुम्ही मला साधा, चारचौघांसारखा माणूस कराल का? झेव्हियर उलट त्यालाच विचारतात की आत्ता जे घडलं ते पाहिल्यावर तुला खरंच त्यांच्यासारखं व्हायचंय का? आणि कुर्टचं उत्तर असं की त्याला फक्त पुरा माणूस व्हायचंय, जसा आहे तसा.

1963 च्या अंकापासून बारा वर्षं जे सांगून सांगून पोचलं नव्हतं, ते इथे मोजक्या पानांत पोचलं. निळ्या कातडीच्या, शेपटीच्या माणसाला कोटाखाली काही लपवता येत नाही. हा फरक साधा दिसतो, पण पुनरुज्जीवनाचं सगळं बळ त्यात आहे. घर तेच, दारावरची पाटी तीच, आतला प्रश्नही तोच. बिऱ्हाडं तेवढी अशी आली की तो प्रश्न त्यांच्या अंगावर लिहिलेला होता.

मग झेव्हियर देशोदेशी फिरतात. बैकल सरोवराजवळच्या शेतावर पिओत्र रास्पुतिनची धाकटी बहीण सुटलेल्या ट्रॅक्टरसमोर सापडते. तो पोलादाचा होऊन तो ट्रॅक्टर अंगावर घेतो. त्याला ‘कोलोसस’ हे नाव मिळतं, पण शेत सोडून जायचं तर आपली शक्ती देशाची नाही का, असा त्याचा प्रश्न असतो. अमेरिकन मुलांच्या अंकात एक साम्यवादी तरुण नायक म्हणून, भोळा आणि भला म्हणून येतो, हे 1975 सालचं पाऊल लहान नव्हतं. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अपोलो आणि सोयूझ ही दोन देशांची यानं अंतराळात जोडली गेली. त्याआधी एप्रिलच्या शेवटच्या दिवशी सायगाव पडलं होतं आणि व्हिएतनामचं युद्ध संपलं होतं. आपलाच देश सगळ्यांत बरोबर, हे गृहीत धरणारी मुलं या सुमारास फार थोडी उरली होती, आणि अशा पिढीच्या हातात हा अंक पडला.

कथा तशी साधीच. जुना चमू क्राकोआ नावाच्या बेटावर गेला आणि एकटा सायक्लॉप्स परतला. बाकीच्यांना सोडवायला नव्यांना नेलं जातं. पोचल्यावर कळतं की बेटावर राक्षस नाही, बेट हाच राक्षस आहे. माती, वेली, दगड असं सगळं मिळून एक जिवंत म्यूटंट, जो दुसऱ्या म्यूटंटांची शक्ती शोषून जगतो. शेवटी त्याला उचकटून थेट अंतराळात भिरकावलं जातं. या सगळ्या धामधुमीत नवे लोक एकमेकांशी धड बोलत नाहीत. जपानी सनफायर मधेच परत जायला निघतो, मग पुन्हा येतो. अपाची थंडरबर्ड आणि वुल्व्हरिन दोघंही कुणाचं ऐकून घ्यायला तयार नाहीत. आयरिश बॅन्शी बाकीच्यांपेक्षा वयानं बराच मोठा. शेवटच्या चौकटीत सगळे सुटून निघाल्यावर एक जण विचारतो की आता या तेराजणांचं करायचं काय?

हा प्रश्न पात्राचा होता तितकाच कार्यालयातलाही होता. मोठ्या आकाराचा अंक दर तीन महिन्यांनी काढायचा बेत बदलला. दुसऱ्या मोठ्या अंकासाठी ठरलेली कथा कापून दोन साध्या अंकांत बसवली गेली आणि मालिका पुढे सुरू झाली ती 94 या क्रमांकापासून. हे आज मुद्दाम लक्षात घेण्यासारखं आहे. नवा चमू, नवे निर्माते, तरी ‘अंक 1’ म्हणून पाटी लावलेली नाही. मधली पाच वर्षं पुनर्मुद्रणात गेली, तेही आपल्याच घराचे दिवस म्हणून मोजले गेले.

संपादकपदाच्या ओझ्यामुळे वीन यांना लेखन सोडावं लागलं. त्यांच्या हाताखाली काम करणारा एक विशीतला तरुण ही कथा घडताना उत्साहानं कान देऊन असायचा: ख्रिस क्लेअरमाँट. लंडनमध्ये जन्मलेले, लाँग आयलंडवर वाढलेले, नट व्हायची हौस असलेले. मालिका त्यांना मिळाली तेव्हा ती दोन महिन्यांतून एकदा निघायची आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. लक्ष नसण्याची ही सवलत फार मोलाची ठरली. स्पायडर-मॅन किंवा फँटॅस्टिक फोर लिहिणाऱ्याला प्रत्येक बदलासाठी वर उत्तर द्यावं लागे. इथे पडीक जमीन होती, काय पेराल ते पेरा.

पहिल्याच नियमित अंकात जुन्यांपैकी बरेच जण आणि सनफायर घर सोडून गेले. दुसऱ्यात, म्हणजे 95 व्या अंकात, थंडरबर्ड मेला. पळून चाललेल्या खलनायकाच्या विमानाला तो चिकटतो, झेव्हियर त्याला उतर म्हणून विनवतात, तो ऐकत नाही. नव्या चमूतला एक माणूस दुसऱ्याच खेपेला जातो, आणि जातो तो जातोच. रागीट स्वभावाचे दोघं-तिघं एका चमूत जास्त होतात म्हणून निर्मात्यांनी हा निर्णय घेतला, पण वाचकाला त्यातून कळलं ते वेगळंच. या घरात कुणाचीही खात्री नाही.

यापुढची सोळा वर्षं क्लेअरमाँट लिहीत राहिले. एका मालिकेवर इतका काळ टिकलेले लेखक अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. काम व्हायचं ते मार्व्हलच्या ठरलेल्या रीतीनं: लेखक कथेचा आराखडा द्यायचा, चित्रकार त्यावरून पानं काढायचा, आणि मग लेखक संवादाचे फुगे भरायचा. या पद्धतीत चित्रकार निम्मा लेखक असतो. म्हणून कॉक्रम आणि त्यांच्यानंतर डिसेंबर 1977 च्या 108 व्या अंकापासून आलेले जॉन बर्न यांचा वाटा मोठा धरायला हवा. बर्न लहानपणी इंग्लंडहून कॅनडात आलेले. मालिकेतला एकुलता एक कॅनेडियन मागे पडू द्यायचा नाही, असं त्यांनी मनावर घेतलं आणि वुल्व्हरिन पुढे आला. टेरी ऑस्टिन यांची बारीक, कोरीव शाई, टॉम ओर्झेकोव्स्की यांची गोल, सुबक अक्षरं आणि ग्लिनिस वीन यांचे रंग यांनी पान भरलं की खरखरीत, स्वस्त कागदावर छापलेल्या त्या ठिपक्यांतूनही हवा थंड आहे की गरम हे कळायचं.

या मालिकेची ओढ लागायची ती मारामाऱ्यांमुळे कमीच. शेतावरून आलेल्या कोलोससला घरची आठवण येते. आकाशावर राज्य करणारी स्टॉर्म बंद, अरुंद जागेत गेली की कोसळते. का, ते कळतं डिसेंबर 1976 च्या 102 व्या अंकात. 1956 सालच्या सुएझच्या लढाईत कैरोमध्ये तिच्या घरावर विमान कोसळतं, आई-वडील जातात आणि पाच-सहा वर्षांची ओरोरो, म्हणजे हीच स्टॉर्म, आईच्या प्रेतापाशी ढिगाऱ्याखाली अडकून पडते. एका खऱ्या युद्धाचा घाव एका काल्पनिक बाईला असा दिला की ती काल्पनिक वाटेनाशी होते. 110 व्या अंकाची सुरुवात तर शाळेच्या मैदानावर बेसबॉल खेळताना होते. शक्ती वापरायच्या नाहीत असं ठरलेलं असतं आणि सगळे चोरून वापरतात. भिन्न गावची, भिन्न भाषेची माणसं एका छपराखाली राहायला लागली की आधी खटके उडतात, मग सवयी कळतात, मग एक जण जेवायला आला नाही तर दुसऱ्याचं लक्ष दाराकडे जातं. हे ज्यानं वसतिगृहात, चाळीत किंवा परमुलखातल्या भाड्याच्या खोलीत अनुभवलं आहे, त्याला एक्स-मेन वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

त्याच वर्षांत मराठी मुलांच्या हातात इंद्रजाल कॉमिक्स असायचं आणि त्यात वेताळ. वेताळाची गंमत उलटी. मुखवटा एकच, बापाकडून मुलाकडे आलेला, एकविसाव्या पिढीपर्यंत, आणि जंगलातल्या लोकांना वाटतं हा माणूस मरतच नाही. तिथे माणूस बदलतो पण कुणाला कळू दिलं जात नाही. एक्स-मेनमध्ये नाव तेच राहून माणसं बदलतात, आणि गेलेल्याची रिकामी खुर्ची सगळ्यांना दिसत राहते.

ही खुर्ची सर्वांत जास्त दिसली 1980 मध्ये. मूळ पाचांतली जीन ग्रे, 101 व्या अंकात समुद्रातून ‘फीनिक्स’ होऊन उसळलेली, शक्तीच्या भरात भान हरपते आणि एक तारा गिळते. त्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर वस्ती होती. अब्जावधी जीव मेले. लेखक-चित्रकारांनी शेवट ठरवला होता तो असा की तिची शक्ती काढून घेतली जाईल आणि ती घरी परतेल. मुख्य संपादक जिम शूटर यांना हे पटेना. एवढ्या संहारानंतर ती सुखरूप घरी कशी? पानं तयार झाली होती, तरी शेवट पुन्हा लिहिला आणि काढला गेला. सप्टेंबर 1980 च्या 137 व्या अंकात जीन चंद्रावर, सायक्लॉप्सच्या डोळ्यांदेखत स्वतःला संपवते. शूटर यांच्या निर्णयावर तेव्हा पुष्कळ वाद झाले. पण त्यांचा आग्रह योग्यच होता. मूळ शेवट 1984 मध्ये वेगळा छापला गेला. तो वाचल्यावर कळतं की तो किती हलका होता.

सायक्लॉप्स घर सोडतो आणि चमूचं नेतृत्व स्टॉर्मकडे येतं. 1980 सालच्या अमेरिकेत, सुपरहिरोंच्या एका आघाडीच्या चमूची प्रमुख एक काळी स्त्री. याबद्दल अंकात ढोल वाजवलेला नाही. तिची वेळ आली आणि तिनं सूत्रं घेतली, इतकंच. पुढच्याच वर्षी 150 व्या अंकात कट्टर शत्रू मॅग्नेटोच्या तोंडून कळतं की त्याचं बालपण ऑश्विट्झमध्ये गेलं. एका चौकटीत, समोर पडलेल्या लहान मुलीकडे पाहताना त्याचा हात थांबतो, आणि इतकी वर्षं नुसता खलनायक असलेला माणूस वाचकाच्या मनात कायमचा गुंतून बसतो.

या सगळ्याला वाचक मिळाले त्यामागे एक दुकानदारीचं कारणही होतं. जुन्या पद्धतीत न खपलेले अंक परत जायचे, म्हणजे कोण काय वाचतंय हे प्रकाशकाला महिनोन्‌महिने कळायचं नाही. ब्रुकलिनमधले शिक्षक फिल स्यूलिंग यांनी 1973 च्या सुमारास प्रकाशकांशी नवा व्यवहार सुरू केला: अंक परत करणार नाही, पण सूट जास्त द्या. त्यातून फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं उभी राहिली. तिथं यायची ती नेमानं येणारी, मागचा अंक जपून ठेवणारी मंडळी. धीमी, लांबत जाणारी, एका अंकातला धागा सहा अंकांनी उचलणारी ‘एक्स-मेन’ची कथा या दुकानांसाठीच लिहिल्यासारखी होती. 1978 मध्ये 112 व्या अंकापासून ती पुन्हा दरमहा निघू लागली.

शेजारच्या डीसीनं धडा बरोबर वाचला. 1980 मध्ये मार्व्ह वोल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी ‘टीन टायटन्स’ची अशीच फेरमांडणी केली. रॉबिनसारखे काही जुने ठेवले. सायबॉर्ग, रेव्हन, स्टारफायर हे नवे आणले आणि त्यांची दुखणी तितक्याच आस्थेनं लिहिली.

मार्व्हलला मात्र स्वतःचाच धडा एका वळणावर उलटा कळला. 1991 मध्ये नवी ‘एक्स-मेन’ मालिका निघाली, या वेळी ‘अंक 1’ अशी पाटी लावून. लेखक क्लेअरमाँट, चित्रकार जिम ली. पाच वेगवेगळी मुखपृष्ठं काढली. चार शेजारी ठेवली की एक मोठं चित्र व्हायचं. 80 लाखांहून जास्त प्रती निघाल्या, आणि या अंकाची गिनीज बुकात नोंद आहे. लोकांनी एकाच अंकाच्या पाच-पाच प्रती घेऊन, न वाचता, प्लास्टिकमध्ये घालून ठेवल्या, पुढे भाव येईल म्हणून. तिसऱ्या अंकानंतर क्लेअरमाँट गेले. कथेची दिशा ठरवण्यात त्यांचा शब्द उरला नव्हता. काही वर्षांत संग्राहकांचा बाजार कोसळला, शेकडो दुकानं बंद पडली, आणि डिसेंबर 1996 मध्ये मार्व्हलनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर मालिका किती वेळा एकपासून सुरू झाली ते मोजत बसण्यात अर्थ नाही. मधे 2000 साली क्लेअरमाँट परतले तेव्हा कोलकात्याचा नील शारा हा तरुण चमूत आला. त्याला दिलेलं नाव होतं थंडरबर्ड. पंचवीस वर्षांपूर्वी विमानाला चिकटून गेलेल्या त्या अपाची तरुणाचं.

ज्यांनी हे घर पुन्हा उघडलं, त्यांना त्याचं भाडं मिळालं नाही. त्या काळी काम पानाच्या दरानं व्हायचं, आणि पात्रं कंपनीची. 2004 मध्ये कॉक्रम गंभीर आजारी पडले तेव्हा सहकारी चित्रकारांनी चित्रं देऊन, त्यांचा लिलाव करून, एक गौरवग्रंथ काढून पैसे उभे केले. पुढे कंपनीशीही त्यांचा आर्थिक समझोता झाला. 2006 मध्ये ते गेले. वीन 2017 मध्ये गेले. स्टॉर्म, नाइटक्रॉलर आणि वुल्व्हरिनवर चित्रपटांनी केवढा व्यवसाय केला हे आठवलं की या दोन ओळी लिहिताना हात जड होतो.

2019 च्या जुलैमध्ये लेखक जॉनथन हिकमन यांनी ‘हाउस ऑफ एक्स’ आणि ‘पॉवर्स ऑफ एक्स’ या दोन जोडमालिकांमधून एक्स-मेनची पुन्हा मांडणी केली. या वेळी जगभरचे म्यूटंट एक स्वतंत्र राष्ट्र वसवतात. कुठे? क्राकोआवर. 1975 मध्ये ज्याला राक्षस म्हणून अंतराळात फेकलं होतं, ते बेट त्यांची मातृभूमी होतं. त्यावर उमलणारी फुलं म्हणजे दुसऱ्या गावी नेणारे दरवाजे. एकातून पाऊल टाकलं की माणूस जेरुसलेममध्ये निघतो. आणि या बेटाशी बोलतो कोण? डग रॅम्झी नावाचा पोरगा, 1984 मध्ये क्लेअरमाँट यांनी आणलेला, ज्याची शक्ती एवढीच की त्याला कुठलीही भाषा समजते. इतक्या ताकदवान लोकांमध्ये तो नेहमी कुचकामी वाटत आलेला. आता तो झाडाला टेकून बसतो, वेली त्याच्या अंगाखांद्यावर चढतात, आणि बेट काय म्हणतंय ते तो बाकीच्यांना सांगतो.

या राष्ट्रासाठी एक नवी लिपीही बनवली गेली. अंकांच्या पानांवर तिच्यातले मजकूर छापले गेले आणि सुरुवातीला त्यांची किल्ली दिलेली नव्हती. पहिले अंक दुकानात आले त्याच आठवड्यात वाचक कागद-पेन्सिल घेऊन एकेक खूण इंग्रजी अक्षराशी ताडून पाहायला बसले होते.